सोफावाल्याची हातोडी आणि दोन तपासण्या

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. पण भिंतीवर कॅलेंडर टांगायचं झालं की घरभर शोधतात, ती मी नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागे एका पाहुण्याने मला उचलून अक्रोड फोडायला घेतले होते आणि तो अपमान मी अजून विसरलेले नाही. मी सोफावाल्याची हातोडी आहे. माझं डोकं लांबट, बारीक आणि किंचित वाकलेलं आहे. त्याच्या एका टोकाला चुंबक आहे, दुसरं टोक साधं आहे. बारीक खिळा आधी चुंबकाला चिकटवायचा, हलकेच टेकवून लाकडात उभा करायचा, मग बोटांत माझी गिरकी घेऊन साध्या टोकाने तो आत बसवायचा. गिरकी जितकी झकास तितका कारागीर पक्का, असं आमच्या धंद्यात मानतात.

मला एका छोट्याशा कारखान्यात घडवलं. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. ती हकीगत मी लांबवत नाही, कारण सगळ्याच हातोड्यांचं बालपण असं चटक्यांतच जातं. मग एका हत्यारांच्या दुकानात काचेमागे बसले. एके दिवशी एक तरुण आला. नुकतंच काम शिकून बाहेर पडलेला. त्याने एकेक हातोडी उचलली, हवेत फिरवली आणि परत ठेवली. मला उचललं, एक गिरकी घेतली आणि परत ठेवलंच नाही. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

आमच्या धंद्यात दोन्ही हात कामात असतात. डावा कापड ताणतो, उजवा मला धरतो. मग खिळे ठेवायचे कुठे? तर तोंडात! मूठभर स्वच्छ खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक खिळा फिरवून ओठांवर आणायचा आणि तिथून तो माझ्या चुंबकाने उचलायचा. तुम्ही हे घरी मुळीच करून बघू नका. पोटात खिळा गेला तर मी जबाबदार नाही. आमच्या कारागिराला मात्र ते श्वास घेण्याइतकं सोपं होतं. त्यामुळे झालं काय, की दिवसभर त्याचं तोंड भरलेलं असायचं आणि तो कुणाशी बोलूच शकत नसे. पुढेपुढे तोंड रिकामं असतानाही त्याला बोलायची सवय राहिली नाही. गल्लीतले लोक त्याला मौनीबाबा म्हणत. त्याची बायको माहेरी गेली की सांगे, की आमचं भांडण कधीच होत नाही, कारण भांडायला दोन माणसं लागतात.

आम्ही दोघांनी मिळून काय काय केलं! दंतवैद्याची खुर्ची केली, नाट्यगृहातल्या रांगाच्या रांगा केल्या, नव्या जोडप्यांचे सोफे केले. त्या सोफ्यांवर पुढे त्यांच्या पोरांनी उड्या मारल्या, मग आम्ही ते पुन्हा नवे करून दिले. काम संपलं की गिऱ्हाईक खिळ्यांच्या ओळीवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "वा, काय ओळ आहे! आखून काढल्यासारखी." आमचा कारागीर उत्तर देत नसे, नुसती मान हलवी. पण त्याचे कान लाल होत. त्या लाल कानांसाठी तो जगत असे म्हटलं तरी चालेल. पैसे कमी मिळाले तर तो विसरून जाई, पण कुणी ओळीकडे बघितलंच नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे तिने एक गोष्ट वारंवार पाहिली होती. घरातला कमावता माणूस पडला, की त्याच घरचे लोक दुकानात येऊन अर्धी औषधं परत ठेवायला सांगतात. म्हणून तिने नवऱ्याच्या मागे लागून त्याचा उत्पन्न संरक्षण विमा काढला. म्हणजे असं, की आजाराने किंवा अपघाताने त्याला स्वतःचा धंदा करता आला नाही, तर विमा कंपनी त्याच्या नेहमीच्या कमाईचा एक भाग दर महिन्याला देईल. त्याने सही केली ती निव्वळ तिने बोलणं थांबवावं म्हणून.

आणि मग तो जिना आला. एक मोठा सोफा खाली उतरवताना पट्टा सटकला, सोफा घसरला आणि कारागिराचा उजवा हात कठड्यात आणि सोफ्यात चिरडला. शस्त्रक्रिया झाली, मनगटात धातूची पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, की हा हात जेवेल, सही करेल, दार उघडेल. पण ठोकणं आणि ताणणं विसरा. विम्याचे पैसे सुरू झाले, त्यामुळे घर उभं राहिलं. मी मात्र खणात पडले. अंधार, धूळ आणि शेजारी एक बोथट कात्री, जी दिवसभर स्वतःच्या धारेच्या जुन्या गोष्टी सांगायची. माझ्या डोक्यावर गंज चढला. मित्रांनो, कामाविना पडून राहणं काय असतं ते मला विचारा.

कारागिराचंही तसंच झालं होतं. तो दुकान उघडून नुसता बसून राही. एके दिवशी वाचनालयातल्या ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्या वाचनकक्षातल्या खुर्च्या आम्हीच केल्या होत्या. त्या म्हणाल्या, की आमच्या मागच्या खोलीत संध्याकाळचे वर्ग चालतात. लोक घरून मोडक्या खुर्च्या आणतील, तुम्ही त्यांना शिकवा. मानधनही देऊ. कारागीर घाबरला. शिकवायचं म्हणजे बोलायचं!

घरात त्यावरून मोठी चर्चा झाली. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सगळ्या जगाला अक्कल वाटत फिरणारा माणूस. त्याने लगेच सल्ला दिला, की भावोजींनी वर्ग घ्यावा, पण गुपचूप. हातात रोख पैसे घ्यावे, विमावाल्यांना पत्ता लागू देऊ नये, नाहीतर ते पैसे बंद करतील. बायकोने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की लपवलेलं बाहेर आलं तर खरं दुखणंसुद्धा खोटं ठरेल. आपल्या विम्यात स्पष्ट म्हटलंय, की दुसऱ्या कामातून काही मिळालं तर तेवढं वजा करून उरलेलं कंपनी देते. मग लपवायचं कशाला? तिने दुसऱ्याच दिवशी कंपनीला कळवलं.

वर्ग सुरू झाला आणि मला खणातून बाहेर काढलं. गंज घासला, दांड्याला तेल लावलं. मी त्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला असता, जर अंग लोखंडाचं नसतं तर! एक निवृत्त बसचालक आला होता, एक परिचारिका होती, दोन जुळ्या बहिणी एकच खुर्ची घेऊन आल्या होत्या आणि तिच्यावरून भांडत होत्या. पहिल्या संध्याकाळी कारागीर एकूण चार वाक्यं बोलला असेल. पण त्या चार वाक्यांनी बसचालकाची ओळ सरळ आली. दुसऱ्या आठवड्यात तो जास्त बोलला. तिसऱ्यात त्याने चक्क विनोद केला. लोक त्याला मास्तर म्हणायला लागले.

कंपनीने मात्र विचारलं, की हा माणूस खुर्च्या करायला शिकवतो, मग त्याला खुर्च्या करता येत नाहीत हे कशावरून? प्रश्न रास्त होता. ते तपासायला त्यांनी एक तपासनीस बाई पाठवल्या. मध्यम वयाच्या, सपाट बुटांच्या, हळू बोलणाऱ्या. त्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "जमेल तेवढंच करून दाखवा. ओढूनताणून काही करू नका."

समोर जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची एक बैठक होती. कारागिराने तोंडात खिळे भरले आणि मला हातात घेतलं. त्या हाताची पकड मला तोंडपाठ होती, म्हणून मला पहिल्या क्षणी कळलं की काहीतरी चुकतंय. अंगठा दाबत नव्हता. करंगळी थरथरत होती. पहिली गिरकी त्याने बोटांनी घेतलीच नाही, कोपरातून घेतली. दुसऱ्या खिळ्याला त्याच्या हातातून कळ गेली, ती माझ्या दांड्यापर्यंत पोचली. मला वाटलं, आता थांबेल. पण बाई ओळीकडे बघत होत्या ना! कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्याच्या ओळीकडे बघत होतं. त्याने दात आवळले आणि एक कड पूर्ण केली. मित्रांनो, ओळ अशी आली की विचारू नका.

बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, किती सुंदर काम आहे हो! कारागिराचे कान लाल झाले. मग त्यांनी विचारलं, दुखतंय का? त्याने मान हलवली. नाही. मला ओरडावंसं वाटलं, बाई, तो खोटं सांगतोय, त्या हाताला हात लावून बघा! पण हातोडीला तोंड कुठलं? बाईंनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहून नेलं. थोड्याच दिवसांत कंपनीचं पत्र आलं, की तुम्ही तुमचा मूळ धंदा करू शकता असं दिसतं, सबब भरपाई बंद.

मेहुणा धावत आला. "बघ ताई, मी सांगत होतो." वर्गाच्या मानधनावर दुकानाचं भाडं आणि घर दोन्ही भागणं शक्यच नव्हतं. मग कारागिराने वर्गाला सुट्टी दिली आणि एका विश्रामगृहाच्या खुर्च्यांचं काम घेतलं. ते दिवस मला आठवले तरी नको वाटतं. मी त्याच्या हातातून निसटायचे, तो उचलायचा, पुन्हा निसटायचे. मनगट सुजून टरटरीत झालं. डॉक्टरांनी तपासलं आणि साफ सांगितलं, की असंच चालू ठेवलंत तर या हाताने पाण्याचा पेलासुद्धा धरता येणार नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. हट्टीपणाला काही सीमा?

त्या सकाळी दुकानात कामाचा सदरा चढवून तो डाव्या हाताने त्याची बटणं लावायचा प्रयत्न करत होता. बायको डबा द्यायला दुकानात आली आणि दारातच थबकली. तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बराच वेळ बघितला.

"त्या बाई आल्या होत्या, तेव्हाही असंच दुखत होतं?"

त्याने होकाराची मान हलवली.

"त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

"ओळ चांगली आली होती."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला शाबासकी हवी होती की हात?"

त्याच दिवशी तिने फेरतपासणी मागितली. फोनवर तिने कंपनीला सांगितलं, की एक ओळ बघून काय कळणार? एक ओळ तर हा माणूस तापात फणफणतानाही मारेल. दिवसभराचं काम बघा. कंपनीने आधी टाळाटाळ केली. तिने डॉक्टरांचं मत पाठवलं, परत फोन केला, परत केला. पलीकडच्या माणसाला तिचा आवाज ओळखू यायला लागला. शेवटी कंपनी तयार झाली.

तयार नव्हता तो आमचा कारागीर. परक्या माणसासमोर काम बिघडवून दाखवायचं, हे त्याला मुळीच पटेना. बायको म्हणाली, बिघडवू नका, फक्त लपवू नका.

तपासनीस बाई त्याच होत्या. बूटही तेच. या वेळी त्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात उभ्या होत्या आणि त्यांनी जेवणाचा डबा आणला होता. समोर एक मोठी आरामखुर्ची ठेवली, पार सांगाड्यापर्यंत सोललेली. नवारीच्या पट्ट्या ताणायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, भरण घालायचं, वर कापड चढवायचं, म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. बायकोने रजा घेतली होती. ती कोपऱ्यात एका अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर बसून होती.

सुरुवात झोकात झाली. झोकात म्हणजे पुन्हा तोच प्रकार! बाई बघताहेत म्हटल्यावर स्वारी रंगात आली. मला मनातून इतका राग आला की सांगता सोय नाही. पण पट्ट्या ताणून होईतो त्याच्या कपाळावर घाम आला. स्प्रिंगा बांधताना दोर दोनदा सुटला. कापडाची पहिली कड आली तेव्हा खिळा तिरका बसला, दुसरा वाकला, आणि तिसऱ्या गिरकीला मी त्याच्या बोटांतून सुटून फरशीवर आदळले.

बाई उठल्या. त्यांनी मला उचललं, धूळ झटकली आणि त्याच्यासमोर धरलं. मग तोच प्रश्न अगदी हळू विचारला. दुखतंय का?

कारागिराने मला घेतलं नाही. त्याने तोंडातले खिळे एकेक करून डाव्या तळहातावर काढले. त्याला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. तोंड रिकामं झालं तेव्हा तो म्हणाला, "दुखतंय, मॅडम. त्या दिवशीही दुखत होतं. मी सांगितलं नाही. दुखतंय म्हणायची मला लाज वाटली."

मित्रांनो, मी इतके खिळे ठोकले, पण इतकं अवघड काम त्या माणसाने कधी केलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. बाई परत स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता सगळं सांगा. कुठे दुखतं, कधी सुरू होतं, कशाने वाढतं."

आणि तो बोलला. अरे बापरे, किती बोलला! रात्री कूस बदलताना काय होतं, पेला कसा धरतो, गिरकी घेताना कुठली शीर ओढली जाते, सगळं. त्याची बायको कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती. बाईंनी विचारलं, की वर्गात हातोडी कोण धरतं? तो म्हणाला, ते धरतात, मी सांगतो. बाई म्हणाल्या, बघू तर.

त्या संध्याकाळी बंद पडलेला वर्ग ग्रंथपालबाईंनी खास उघडला. तपासनीस बाई मागच्या बाकावर बसल्या. मास्तर दोन्ही हात खिशात घालून खोलीभर फिरत होते. बसचालकाला म्हणाले, कापड ओढू नका, त्याला यायला सांगा. जुळ्या बहिणींना म्हणाले, भांडण तोंडाने चालू द्या, कापड मात्र दोघींनी मिळून ताणा. खोली हसली. मी परिचारिकेच्या हातात होते आणि तिची ओळ, खरं सांगते, जवळजवळ आमच्यासारखी आली. ठोकण्याचं काम वेगळं आणि शिकवण्याचं वेगळं, हे त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कंपनीचं पत्र आलं ते बायकोने दुकानात उभ्याने वाचलं. मूळ धंदा यांना करता येत नाही, हे मान्य. बंद केलेली भरपाई मागच्या तारखेपासून चालू. वर्गाची कमाई त्यातून वजा होईल, वर्ग खुशाल घ्यावा. तिने पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मेहुण्याला वाचायला लावलं, मोठ्याने. त्याचा आवाज शेवटी शेवटी फारच बारीक झाला होता.

त्यानंतरची गंमत ऐका. मागची खोली अपुरी पडायला लागली, तेव्हा वर्ग वाचनालयाच्या मोठ्या दालनात गेला. मग एका फर्निचरच्या कारखान्याने मास्तरांना आपल्या कामगारांना शिकवायला बोलावलं. मग दुसऱ्या गावाहून निरोप आला. बायको दर महिन्याला कमाईचा हिशोब न चुकता कंपनीला पाठवायची आणि दर महिन्याला विम्याची रक्कम घटत जायची. ती घटली की ही दोघं खूश! मेहुण्याला कळेना, की पैसे कमी झाल्यावर आनंदाने टाळ्या देणारी माणसं ही कसली? त्याने बहिणीला विचारलं, ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

आणि एका महिन्यात पत्र आलं, त्यात आकड्याच्या जागी शून्य होतं. शिकवण्याची कमाई जुन्या धंद्याच्या बरोबरीला आली होती. मास्तरांनी ते शून्य बराच वेळ बघितलं. मग ते बायकोला म्हणाले, "हे तुझं आहे. तू त्या दिवशी माझा हात बघितला नसतास, तर आज मला ना हात राहिला असता, ना वर्ग." तिने पत्र त्यांच्याकडून काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत घातलं. दिवसभर औषधांच्या दुकानात येईल त्याला ती ते दाखवत होती, असं नंतर कळलं.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. दांड्याला एक चीर गेली आहे, चुंबक पूर्वीइतकं ओढत नाही. तरी मी रोज वेगवेगळ्या हातांत जाते आणि मला प्रत्येक हाताचं कळतं. कुणाचा दमलाय, कुणाचा घाबरलाय, कुणाचा ठणकतोय. मला ते कळतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येतं. म्हणून एवढंच मागते, की हत्यार वापरून झालं की पुसून जागेवर ठेवा, आणि कुणी आपुलकीने विचारलं, दुखतंय का, तर दुखत असताना नाही म्हणू नका.